उणिवेचं मोजमाप

शंभर मीटर धावण्यात जगातला सर्वांत वेगवान पुरुष कोण, याला ऑलिम्पिकमध्ये एकच उत्तर मिळतं. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये त्याच अंतरासाठी पुरुषांना सोळा सुवर्णपदकं दिली गेली. तो तक्ता पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, आयोजकांनी मन मोठं करून पदकं वाटलेली दिसतात. हा समज चांगलाच मुरलेला आहे. पदक घेऊन गावी परतलेल्या खेळाडूच्या गळ्यात हार घालणारा माणूससुद्धा मनातल्या मनात थोडी सूट देऊनच हार घालतो. त्या सोळांमागचा हिशेब सावकाश उलगडून पाहिला, तर पॅरा खेळाडूच्या आयुष्यातली बरीचशी उमेद आणि बरीचशी फरफट त्यातच सापडते.

खेळाडू त्याला 'क्लास' म्हणतात. 'क्लासिफिकेशन झालं का?', 'क्लास कोणता मिळाला?', 'रिव्ह्यू आला की कन्फर्म झाला?' ही त्यांची रोजची भाषा. उत्तरं बाहेरच्या माणसाला कोड्यासारखी वाटतात: एफ ४६, टी ६४, एसएल ३. अ‍ॅथलेटिक्सपुरतं सांगायचं तर 'टी' म्हणजे धावणं आणि उड्या, 'एफ' म्हणजे गोळा, थाळी, भाला वगैरे फेकी. दहाच्या आकड्यावरून उणीव कोणत्या प्रकारची ते कळतं. ११ ते १३ दृष्टी, २० बौद्धिक, ३१ ते ३८ हालचालींवरचा ताबा, ४० आणि ४१ ठेंगणी उंची, ४२ ते ४४ पाय, ४५ ते ४७ हात. पन्नाशीतले खेळाडू बसून खेळतात, साठीतले कृत्रिम पाय लावून. शेवटचा आकडा जितका लहान, तितकी उणीव साधारणपणे जास्त. पॅरिसला ७०.५९ मीटर भाला फेकणारा सुमित अंतिल एफ ६४ मध्ये येतो, कारण त्याचा एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे.

कुस्तीशौकिनांना वर्गवारीचं तत्त्व समजावून सांगायला नको. ५७ किलोच्या पैलवानाची जोड ९७ किलोच्या पैलवानाशी कोणी लावत नाही, आणि ५७ किलोत जिंकलेल्याला कोणी 'कमी वजनाचं पदक' म्हणून हिणवतही नाही. निकाल वजनाने लागू नये, डावाने आणि दमाने लागावा, एवढ्यासाठी काटा असतो. पॅरा खेळातला क्लासही याचसाठी आहे. फरक इतकाच की कुस्तीचा काटा असलेलं मोजतो आणि इथली पट्टी नसलेलं मोजते. या एका फरकातून पुढचं सगळं निघतं.

दोन्ही मापांखालून गेलेला एक माणूस आपल्याकडेच आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सिंग करत. तिथे त्यांचा गट वजन ठरवायचं. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि एक गोळी मणक्याजवळ राहून गेली. पुढे १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. ती शर्यत तीन क्रमांकाच्या गटाची होती. या वेळी गट ठरला तो जखमेवरून.

त्या काळी वर्गवारी पूर्णपणे डॉक्टरी होती, आणि ते साहजिकही होतं, कारण हा खेळ जन्मला इस्पितळात. लुडविग गुटमन या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशीच, तिरंदाजीची स्पर्धा भरवली. सोळा जण होते. खेळ हा तेव्हा उपचाराचा भाग, म्हणून वर्गही निदानाप्रमाणे. मणका कुठे दुखावला, त्यावर तुम्ही कोणाशी खेळणार हे ठरे. हळूहळू लक्षात आलं की निदान वेगळं असलं तरी पाण्यात किंवा खुर्चीवर दोन शरीरं सारखीच अडू शकतात. पोलिओ झालेला आणि पाय गमावलेला, दोघांना पोहताना पायाचा उपयोग सारखाच कमी असेल, तर त्यांना वेगवेगळ्या शर्यतींत का टाकायचं? १९९२ च्या बार्सिलोनापर्यंत या विचाराने जोर धरला आणि रोगाच्या नावापेक्षा त्या खेळात शरीर काय करू शकतं, याला महत्त्व आलं. म्हणून आज एकाच जलतरणपटूला ब्रेस्टस्ट्रोकसाठी एक क्लास आणि फ्रीस्टाइलसाठी दुसरा मिळू शकतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांचं काम मोठं असतं, एवढंच त्याचं कारण.

आता एक शंका कोणालाही येईल. इतकी उठाठेव कशाला? खेळाडूची वेळ घ्या, फेक मोजा, सारख्या कामगिरीचे एकत्र खेळवा. हे दिसतं सोपं, पण याइतकी अन्यायाची दुसरी रीत नसेल. रोज पहाटे मैदानावर जाणारा कामगिरी सुधारेल आणि सुधारल्याबद्दल त्याला वरच्या गटात ढकललं जाईल. आळशी माणूस खालच्या गटात आरामात पदकं घेत राहील. म्हणून पट्टी लावायची ती उणिवेला, कामगिरीला नाही. सरावाने कमावलेलं खेळाडूच्याच नावावर राहायला हवं. खांद्याचे स्नायू व्यायामाने भरले म्हणून कोणाचा क्लास बदलू नये, नस तुटलेली आहे म्हणून मात्र ठरावा. क्लासिफिकेशनची सगळी कसरत या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यासाठी चाललेली असते, आणि त्या दरवेळी वेगळ्या निघतातच असं नाही.

तपासणी कशी होते ते पाहू. आधी कागदपत्रं पाहतात. नोंदलेली उणीव पॅरालिम्पिकने मानलेल्या उणिवांच्या यादीत बसते की नाही, आणि ती कायमची आहे की नाही. मग टेबलावर तपासणी, बहुधा एक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट आणि एक खेळातला जाणकार. तुम्ही हात वर ढकलायचा, ते खाली दाबणार. त्यावर स्नायूच्या ताकदीला शून्य ते पाच गुण. सांधा किती अंशात वळतो ते मोजतात. तुटलेला अवयव असेल तर उरलेल्या भागाची लांबी टेपने घेतात. मग प्रत्यक्ष पोहून, धावून, फेकून दाखवायचं. काही वेळा पहिल्या स्पर्धेत तुम्ही खेळत असताना काठावरून तेच परीक्षक पाहत असतात. शेवटी क्लास मिळतो. तो कायम होतो, किंवा 'रिव्ह्यू' म्हणजे पुन्हा या, किंवा 'पात्र नाही'. ही आंतरराष्ट्रीय तपासणी ठरावीक स्पर्धांच्या वेळीच होत असल्याने नवख्या खेळाडूला ती बरेचदा परदेशात गाठावी लागते. पात्र ठरला नाही तर तिकिटाचे पैसे गेले.

ज्या मुलाचा हात लहानपणी गेला, तो कशा वातावरणात वाढतो? वर्गाच्या फोटोत तो बरोबर कडेला उभा राहतो, म्हणजे डावी बाजू दिसत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हात खिशात. घरचे एकच धोशा लावतात, तुला काही कमी नाही, तू सगळं करू शकतोस. आणि तो खरंच करायला लागतो. एका हाताने सायकल चालवतो, बुटाची नाडी बांधतो. ज्याला मुद्दाम सांगितलं नाही त्याला कळूही नये, इतकं सफाईने. मग खेळाने त्याला थोडं वर आणलं की त्याच खेळाची पहिली अट असते, शर्ट काढ आणि काय काय होत नाही ते नीट दाखव. सकाळी टेबलावर जे जमत नाही ते पुरतं उघडं करायचं आणि संध्याकाळी मैदानात ते विसरून जायचं. हे लाजिरवाणं आहे असं मी म्हणणार नाही. पुष्कळ खेळाडूंना या तपासणीत मोकळंही वाटत असेल, कारण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दया न दाखवता त्यांची उणीव नुसती मोजतं. पण वीस वर्षं लावलेली सवय एका सकाळीत उलटी फिरवणं सोपं नसतं.

आपल्या देशात तर त्याच्याकडे आधीच एक माप असतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डापुढे उभं राहून मिळवलेलं प्रमाणपत्र, आणि हल्ली यूडीआयडी कार्ड. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. हा टक्का नोकरीला, एसटीला, शिष्यवृत्तीला चालतो. मैदानावर त्याचा उपयोग फार नाही. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे कायद्याच्या यादीत आहेत, पॅरालिम्पिकच्या यादीत नाहीत. कर्णबधिरांची डेफलिम्पिक ही स्पर्धाच वेगळी. सरकारी टक्का विचारतो, जगण्यात किती अडतं. क्लास विचारतो, या एका खेळात किती अडतं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं जुळतीलच असं नाही. प्रमाणपत्रावर टक्का मोठा आहे म्हणून क्लास मिळणारच, या भरवशावर तयारी करणाऱ्याला टेबलावर पहिला धक्का बसतो.

कितीही काळजीने ओढली तरी रेषा कोणाच्या तरी पायातून जातेच. विनोद कुमार हे सीमा सुरक्षा दलातले. लेहमध्ये प्रशिक्षणात कड्यावरून पडून पाय जायबंदी झाले, जवळजवळ दहा वर्षं अंथरुणात गेली. २२ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत त्यांना एफ ५२ हा क्लास मिळाला. काही दिवसांतच थाळीफेकीत १९.९१ मीटर फेकून ते तिसरे आले. इतर देशांनी हरकत घेतली, पुन्हा तपासणी झाली, आणि त्यांना क्लास देता येत नाही असं मंडळाने ठरवलं. पदक गेलं. पुढे क्षमता जाणूनबुजून चुकीची दाखवल्याचा ठपका ठेवून त्यांच्यावर दोन वर्षांची बंदीही आली. त्या सकाळी टेबलावर नेमकं काय झालं, त्याचा निवाडा मी करणार नाही. पण या यंत्रणेचं दुखणं इथे दिसतं. जिथे कमी दिसण्यात फायदा आहे, तिथे प्रत्येक खरी उणीवही संशयाने पाहिली जाते. अ‍ॅथलीटने जास्त ताकद असल्याचं सोंग आणलं तर तो पहिल्याच फेकीत उघडा पडतो. कमी ताकदीचं सोंग पकडणं अवघड.

सोंगाची सर्वांत निलाजरी गोष्ट २००० च्या सिडनीतली. बौद्धिक अपंगत्वाच्या गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्ण घेतलं, आणि नंतर कळलं की बारापैकी दहा जणांना तसलं अपंगत्व नव्हतंच. संघातलाच एक खेळाडू पत्रकार होता, त्याने ते बाहेर काढलं. शिक्षा मात्र भलत्यांनाच झाली. बौद्धिक अपंगत्वाचे गटच पॅरालिम्पिकमधून काढून टाकले गेले, ते २०१२ ला लंडनमध्ये परतले. अथेन्स आणि बीजिंग हुकलेल्या खेळाडूंनी कोणालाही फसवलं नव्हतं.

रेषेवरच्या माणसाचं आणखी एक उदाहरण मला सुचत राहतं. ब्रिटनचा व्हीलचेअर बास्केटबॉलपटू जॉर्ज बेट्स याच्या पायात वर्षानुवर्षं असह्य वेदना. पाय आहे, पण त्यावर उभं राहणं म्हणजे छळ. २०२० मध्ये टोकियोसाठी नियम कडक झाले आणि तो अपात्र ठरला, कारण यादीत वेदना नाही. वेदना शून्य ते पाचच्या पट्टीत बसत नाही, टेपने मोजता येत नाही. पाय कापला असता तर तो निःशंक पात्र ठरला असता, आणि खेळण्यासाठी आपण तसा विचार करतो आहोत हे त्याने उघडपणे सांगितलं होतं. ज्यांनी नियम केले ते दुष्ट नव्हते. मोजता येईल तेच मोजायचं, नाहीतर सिडनी पुन्हा होईल, ही त्यांची भीती खरी होती. तरीही, मोजता येत नाही ते नाहीच असं धरणारा नियम एखाद्याला स्वतःचा पाय कापायच्या विचारापर्यंत नेतो, हे ऐकून त्या नियमाबद्दल आदर वाटणं कठीण.

क्लास मिळाला म्हणजे सुटलो असंही नाही. तो क्लास स्पर्धेत असायला हवा. पुरेसे देश, पुरेसे खेळाडू नसले, की त्या क्लासचा प्रकार वगळला जातो किंवा शेजारच्यात मिसळला जातो. राजस्थानातल्या चुरूच्या देवेंद्र झाझरियांचा डावा हात आठव्या वर्षी विजेच्या तारेने गेला. २००४ मध्ये अथेन्सला ६२.१५ मीटर भाला फेकून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. बीजिंगला त्यांच्या क्लासची भालाफेकच नव्हती. लंडनलाही नव्हती. बारा वर्षांनी रिओत ती परत आली आणि त्यांनी ६३.९७ मीटर फेकून दुसरं सुवर्ण, पुन्हा विश्वविक्रमासह, घेतलं. खेळाडूची ऐन उमेदीची बारा वर्षं म्हणजे काय, हे मैदानावरच्या माणसालाच विचारावं. मुंबईच्या रस्त्यावर २०११ मध्ये अपघातात डावा पाय गमावलेली मानसी जोशी २०१९ मध्ये बासेलला एसएल ३ गटात बॅडमिंटनची जगज्जेती झाली. दोन वर्षांनी टोकियोत बॅडमिंटन पहिल्यांदाच पॅरालिम्पिकमध्ये आलं, आणि महिला एकेरीत एसएल ३ हा गट ठेवलेलाच नव्हता. जगज्जेतेपद हातात, पण एकेरी खेळायला कोर्ट नाही. ते पॅरिसला मिळालं. एकेरीत एसएल ३ ला अर्धंच कोर्ट खेळायचं असतं, हेही पाहणाऱ्यांना सवलत वाटतं. मांडीपासून कृत्रिम पाय असलेल्या माणसाने त्या अरुंद पट्ट्यात मागेपुढे धावून दाखवल्यावर ती सवलत वाटेनाशी होते. लांबच्या सामन्यानंतर स्टंपची कातडी सोलवटलेली असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सॉकेट चढवायचा असतो.

मग सगळीकडे बारीक बारीक वर्ग पाडावेत का? तिरंदाजीने उलटं करून दाखवलं आहे. तिथे शारीरिक अपंगत्वाचे दोनच क्लास आहेत. ओपन गटात व्हीलचेअरवर बसलेला, कृत्रिम पायावर उभा राहिलेला आणि हातच नसलेला, असे तिघे एकाच लक्ष्यावर नेम धरतात. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडची शीतल देवी हातांशिवाय जन्मली. पायाने धनुष्य धरते, खांद्याने आणि जबड्याने दोर सोडते. पॅरिसमध्ये हात असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशीच ती खेळली आणि वैयक्तिक फेरीत अवघ्या एका गुणाने, १३७ विरुद्ध १३८, बाहेर गेली. मिश्र सांघिकमध्ये राकेश कुमारबरोबर कांस्य मिळालं. त्याच पॅरिसमध्ये पुरुषांत सुवर्ण घेणारा अमेरिकेचा मॅट स्टट्झमनही बिनहातांचा. बाण एकदा स्थिर सुटला की कोणी तो कशाने सोडला याने फार फरक पडत नाही, असं या खेळाला अनुभवाने कळलं, म्हणून त्याने रेषा कमी ओढल्या. गोळाफेकीला हे जमणार नाही. खुर्चीवर बसून फेकणाऱ्याला कंबरेची पिळवण आणि पायाचा रेटा मिळत नाही. त्याची बैठक उशीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर जाऊ नये इतका बारकाईचा नियम आहे. ती लोखंडी बैठक गावाकडून ट्रकने, टेंपोने मैदानापर्यंत न्यायची, जमिनीला पट्ट्यांनी बांधायची आणि मग सरावाला सुरुवात.

गोळाफेकीचीच एक स्पर्धा सांगतो. ४ सप्टेंबर २०२४, पॅरिस, एफ ४६. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी, लहानपणीच्या अपघाताने डावा हात अधू झालेला, १६.३२ मीटर फेकून रौप्य घेतात. सुवर्ण जातं कॅनडाच्या ग्रेग स्ट्यूअर्टकडे, १६.३८ मीटर. सहा सेंटिमीटरचा फरक. स्ट्यूअर्टचा डावा हात जन्मतः कोपराखाली नाही, म्हणून दोघे एका क्लासमध्ये. पण स्ट्यूअर्टची उंची सात फुटांहून अधिक आहे, आधी तो बास्केटबॉल खेळायचा. गोळा किती उंचीवरून सुटतो याला या खेळात मोल आहे, तरी उंचीचा विचार कोणत्याही टेबलावर झाला नाही. कारण उंच असणं ही उणीव नव्हे, आणि पट्टी फक्त उणिवेला लागते. उणीव सारखी ठरल्यावर उंची, सराव, खुराक, नशीब, सगळं जसंच्या तसं मोकळं सोडलेलं. मला हे बरोबर वाटतं. उंचीचाही गट केला, मग वयाचा, मग पैशाचा, तर प्रत्येक खेळाडूला स्वतःचा एकेक क्लास मिळेल आणि प्रत्येक जण एकटाच पहिला येईल. खिलारी त्या दिवशी उंच माणसाकडून सहा सेंटिमीटरने हरले, तसे ते ऑलिम्पिकमध्येही कोणाकडून तरी हरले असते, आणि असं हरता येणं हा त्यांच्या क्लासचाच उपयोग.

उणिवेच्या आकड्याचा सर्वांत मजेदार वापर व्हीलचेअर बास्केटबॉलने केला आहे. तिथे वेगवेगळे गट नाहीतच. प्रत्येक खेळाडूला एक ते साडेचार गुण असतात. ज्याला पोटाचे, पाठीचे स्नायू जवळजवळ चालवता येत नाहीत त्याला एक, ज्याला फारशी अडचण नाही त्याला साडेचार. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. दोन साडेचारवाले उतरवले की उरलेल्या तिघांसाठी पाचच गुण राहतात. म्हणजे त्यांतला निदान एक तरी एक किंवा दीडवाला असणारच. तो उंच झेप घेत नाही, फार वेळा बास्केटही करत नाही. तो आपली खुर्ची बचाव करणाऱ्याच्या वाटेत नेमक्या क्षणी आडवी लावतो आणि साडेचारवाल्याला रिंगपर्यंत मोकळा रस्ता मिळतो. गुणफलकावर त्याचं नाव क्वचित दिसतं. पण चांगला एक-दीड गुणवाला नसेल तर प्रशिक्षकाला दोन्ही साडेचारवाले एका वेळी मैदानात ठेवता येत नाहीत, म्हणून संघ बांधायला बसलं की आधी शोध त्याचाच घ्यावा लागतो.